मालिकेचा पहिला भाग हे पुरते पुस्तक असावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कुमारवयीन वाचकांसाठीच्या फँटसी मालिकांची, म्हणजे जादूगार, ड्रॅगन आणि मंतरलेली राज्ये असलेल्या लांबलचक कादंबऱ्यांची, अधूनमधून ओळख करून दिली जाते. ती मी आवर्जून वाचते, कारण आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी पुस्तके निवडण्याचे काम माझ्याकडे आहे आणि या वयाची मुले जी पुस्तके आपणहून मागतात त्यांत या मालिकांचा वाटा मोठा आहे. या परिचयांत मालिकेचे जग कसे आहे, नायक कोण आहे, चित्रपट आला आहे की यायचा आहे, हे सारे सांगितले जाते; पण हातातला पहिला भाग एकटाच वाचला तर तो पुस्तक म्हणून पुरा होतो का, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. उलट ‘शेवटच्या पानावर पुढच्या भागाची अशी ओढ लागते की राहवत नाही’ हे वाक्य गुण म्हणून लिहिले जाते. या एका मुद्द्यावर माझे मत सविस्तर मांडण्याची परवानगी असावी.

माझे म्हणणे असे की, मालिकेच्या पहिल्या भागाने जो प्रश्न स्वतः उभा केला असेल, त्याचे उत्तर त्याच भागात दिले पाहिजे. ते उत्तर सुखाचे असण्याची गरज नाही, आणि जगाच्या साऱ्या लढाया तिथेच संपाव्यात असेही नाही. परंतु ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या पाठीमागे वाचक तीनशे पाने चालला, त्याने किंवा तिने काय केले आणि त्याचे काय झाले, एवढे तरी वाचकाला पुस्तक मिटण्यापूर्वी कळले पाहिजे. जो पहिला भाग एवढेही करत नाही, तो कितीही देखणा असला तरी मी त्याला प्रस्तावना म्हणेन. प्रस्तावनेची किंमत पुस्तकाइतकी घेणे हे कुमारवयीन वाचकाशी बरे वागणे नव्हे.

मराठी वाचकाच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच टोकदार होतो. देणगीत आलेली पुस्तके, प्रदर्शनात सवलतीत घेतलेली पुस्तके, रद्दीच्या दुकानातून निवडून आणलेली पुस्तके, असे वाचनालयाचे कपाट भरत जाते आणि त्यात मालिकांचे पहिले भाग उदंड, दुसरे तुरळक आणि तिसरे जवळजवळ नसल्यासारखेच असतात. अनुवादाचेही असेच घडते. पहिला भाग मराठीत येतो, तो अपेक्षेइतका खपत नाही आणि पुढचे भाग येण्याचे थांबतात. प्रकाशकाचा हिशेब मला समजतो, त्याला दोष देण्याचा हेतू नाही. पण नववीतल्या एका मुलीने असा एक जाडजूड पहिला भाग चार दिवसांत वाचून माझ्या टेबलावर परत ठेवताना “मॅडम, हे अर्धंच आहे,” असे जे म्हटले, त्यातली तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. पुस्तकावर कुठेही ‘अर्धे’ असे छापलेले नव्हते.

इथे एक अपवाद आधीच बाजूला काढून ठेवते. जे. आर. आर. टॉल्किन यांचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात तीन खंडांत निघाले, ते युद्धोत्तर काळातल्या कागदाच्या महागाईसारख्या व्यावहारिक कारणांमुळे. लेखकाच्या लेखी ती एकच कादंबरी होती, त्यामुळे तिच्या पहिल्या खंडाने पुरे व्हावे ही अपेक्षाच गैरलागू आहे. अडचण अशी की, पुढच्या अनेक लेखकांनी त्या तीन खंडांचे बाह्य रूप तेवढे उचलले. एकच कथा तीन तुकड्यांत देण्याची जी रीत टॉल्किन यांच्या हाती एका वेळच्या निकडीतून आली होती, ती हळूहळू प्रकाराचा नियमच बनली.

पहिला भाग कसा असावा याचा माझ्या मते सर्वोत्तम नमुना म्हणजे उर्सुला ले ग्विन यांची १९६८ सालची ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही कादंबरी. दोनशेच्या आसपास पानांचे, अवघ्या दहा प्रकरणांचे हे पुस्तक आहे. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावरचा, आई नसलेला, शेळ्या राखणारा गेड नावाचा एक मुलगा पुढे मोठा जादूगार होणार आहे, हे लेखिका पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतात आणि ही गोष्ट मात्र त्याचे नाव होण्यापूर्वीची आहे, असे बजावतात. म्हणजे ‘नायक वाचेल की मरेल’ या उत्सुकतेवर पुस्तक चालवण्याचा मार्ग त्यांनी आपणहून बंद करून टाकला. मग उरते काय? उरते ती गेडची एक चूक. रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात, जास्पर नावाच्या सहाध्यायाने डिवचले म्हणून, केवळ आपला मोठेपणा दाखवण्यासाठी, तो एका मृत स्त्रीच्या आत्म्याला बोलावतो. त्या फटीतून एक काळी छाया बाहेर पडते, त्याचा चेहरा ओरबाडते, आणि ती फट बुजवताना विद्यालयाचे वयोवृद्ध महाजादूगार प्राणाला मुकतात. हे सारे चौथ्या प्रकरणात घडते. उरलेली सहा प्रकरणे त्या एका कृत्याच्या परिणामांची आहेत: आधी छाया मागे आणि गेड पुढे, आणि मग गुरू ओगियनच्या सल्ल्यावरून गेड मागे आणि छाया पुढे. शेवटी भर समुद्रात तो तिला गाठतो आणि तिला तिच्या नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते.

पंधरा-सोळा वर्षांच्या वाचकाला यापेक्षा पुरे असे काही देता येईल, असे मला वाटत नाही. हे पुस्तक संपते तेव्हा अर्थसीच्या द्वीपसमूहात राजा नाही, तिथले सिंहासन रिकामे आहे, ड्रॅगन अजून पश्चिमेला आहेत, आणि तरीही काही राहून गेल्यासारखे वाटत नाही, कारण गेडने जे बिघडवले ते त्यानेच निस्तरले. आणि मालिकेचे बीज? तेही याच पुस्तकात आहे, पण किती निगुतीने ठेवलेले! होडी फुटून गेड एका ओसाड वाळूच्या बेटावर जातो, तिथे लहानपणीच हद्दपार केलेले दोन म्हातारे भाऊ-बहीण एका झोपडीत राहत असतात. त्या म्हातारीकडे तिच्या बालपणीचा, मोती जडवलेला रेशमी झगा आहे. ती तो उलगडून त्याला दाखवते आणि एका तुटक्या कड्याचा अर्धा तुकडा त्याच्या हातावर ठेवते. गेडला त्याचा अर्थ कळत नाही आणि वाचकालाही कळत नाही. दोघांच्याही लेखी ती एका भ्रमिष्ट, दुःखी बाईने दिलेली भेट असते. पुढच्या ‘द टूम्स ऑफ अटुआन’ या भागात कळते की, अर्ध्या जगाची शांती त्या तुकड्यावर अवलंबून होती. ज्याने दुसरा भाग कधीच वाचला नाही त्याच्या दृष्टीनेही तो प्रसंग तितकाच भिडणारा राहतो, कारण म्हातारीचे एकटेपण त्याच पानावर पुरते उतरलेले आहे. ‘पुढे कळेल’ असे म्हणून लेखिकेने वाचकाकडून काहीही उधार घेतलेले नाही.

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचा पहिला भाग २६ जून १९९७ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला आणि बाळ ऊर्ध्वरेषे यांच्या अनुवादामुळे तो मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने आपल्या मुलांपर्यंत पोचला. आज या मालिकेचा पसारा पाहताना हे विसरायला होते की, अनेक प्रकाशकांनी नाकारलेले ते हस्तलिखित होते आणि पहिल्या छपाईत पुठ्ठा बांधणीच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या होत्या. लेखिकेच्या मनात सात भागांचा आराखडा असला तरी दुसऱ्या भागाला वाचक मिळेल याची हमी कुणाकडेही नव्हती, आणि माझ्या मते या अनिश्चिततेचा पुस्तकाला फायदाच झाला. परीस कोण चोरू पाहतो आहे हा या भागाचा प्रश्न आहे, आणि तो याच भागात, वाचकाच्या अंदाजाला चकवून, सुटतो. दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट मेलेला नाही हे शाळेचे मुख्याध्यापक डंबलडोर स्वच्छ सांगतात. पण परीस नष्ट झालेला असतो, शाळेचे वर्ष संपलेले असते आणि मुले आगगाडीने घरी निघालेली असतात.

या पुस्तकातल्या आरशाचा प्रसंग मी मुलांना मुद्दाम पुन्हा वाचायला सांगते. बाराव्या प्रकरणात हॅरी रात्री चोरपावलांनी एका बंद वर्गात शिरतो आणि तिथल्या उंच आरशात त्याला त्याचे मेलेले आईवडील त्याच्या पाठीशी उभे राहून हात हलवताना दिसतात. पोरक्या मुलाचे ते दुःख आहे आणि त्या रात्री तेवढेच पुरेसे आहे. त्यानंतर शेवटच्या, सतराव्या प्रकरणात तोच आरसा परीस लपवण्याची जागा म्हणून समोर येतो: ज्याला परीस वापरायचा नाही, केवळ शोधायचा आहे, त्यालाच तो मिळावा अशी योजना. आधी भावनेसाठी आलेली वस्तू नंतर कथेच्या कामी येते, आणि तेही त्याच दोन पुठ्ठ्यांच्या आत. जगाची ओळखही अशीच कामातून होते. एका गॅलियनचे सतरा सिकल आणि एका सिकलचे एकोणतीस नट, हा जादूगारांच्या नाण्यांचा अवघड हिशेब शाळेचा रखवालदार हॅग्रिड सांगतो, तो हॅरीला प्रथमच स्वतःचे पैसे मिळत असतात म्हणून. त्यासाठी वेगळे परिशिष्ट लागत नाही. आणि पहिल्याच प्रकरणात, हॅग्रिड जी उडती मोटारसायकल घेऊन येतो ती तरुण सिरियस ब्लॅककडून आणली आहे, असे तो ओझरते सांगून जातो. ते नाव १९९९ सालच्या तिसऱ्या भागात पुन्हा आले तेव्हा ज्यांना आठवले त्यांना आनंद झाला आणि ज्यांना आठवले नाही त्यांचे काहीच अडले नाही. बीज पेरायचे ते असे.

माझ्या मुद्द्यावर एक चांगला आक्षेप घेता येतो, आणि तो फिलिप पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ या १९९५ सालच्या, बालसाहित्यासाठीचे कार्नेगी पदक मिळालेल्या कादंबरीचा. तिचा शेवट पाहा: आकाशात दुसऱ्या जगाकडे जाणारी वाट उघडलेली आहे आणि बारा वर्षांची लायरा त्या वाटेवर पाऊल टाकते. पुढचा भाग तर एका निराळ्याच मुलापासून, आपल्या ओळखीच्या जगातून सुरू होतो. मग हा पहिला भाग अपुरा नाही का?

मला तो अपुरा वाटत नाही. लायरा उत्तरेकडे निघते ती प्रामुख्याने तिचा मित्र रॉजर याला पळवून नेलेल्यांच्या हातून सोडवण्यासाठी. ती त्याला सोडवते, आणि नंतर वडिलांना हवी असलेली वस्तू आपण घेऊन जात आहोत अशा समजुतीने त्याला बरोबर घेऊन त्यांच्यापर्यंत पोचते. वडिलांना खरोखर हवे असते ते एक मूल. रॉजर मरतो, आणि ज्याला वाचवायला आपण निघालो त्याला आपणच मृत्यूच्या दारी आणून सोडले, हे लायराला तिथेच कळते. प्रश्नाचे उत्तर मिळाले, ते भयंकर मिळाले, पण मिळाले. आकाशातली वाट ही पुढच्या पुस्तकाची. रॉजरचा मृत्यू मात्र या पुस्तकाचा आहे आणि त्याचा हिशेब इथेच पुरा होतो. दुःखान्त म्हणजे अपूर्णता नव्हे, हे आमच्या वाचनालयातली मुले आम्हा मोठ्यांपेक्षा लवकर ओळखतात, असा माझा अनुभव आहे.

पुलमन यांच्या याच पुस्तकातली आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्यांच्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने त्याच्या सोबत वावरतो, त्याला ते डेमन म्हणतात. मुलांचा डेमन रूपे बदलत राहतो, मूल वयात आले की तो एका रूपात स्थिरावतो. पण पहिल्या पानावर यातले काहीही समजावलेले नाही. लायरा आणि तिचा डेमन अंधारत चाललेल्या भोजनगृहातून दबकत चालले आहेत आणि तो पतंगाच्या रूपात आहे, एवढेच. वाचकाने चालता चालता समजून घ्यायचे. कॉलेजच्या तळघरात पुरलेल्या विद्वानांच्या कवट्यांत त्यांच्या डेमनची नाणी ठेवलेली असतात आणि लायरा खोडसाळपणे त्यांची अदलाबदल करते, हेही असेच सहज येते. आणि मग बर्फाळ उत्तरेतल्या एका झोपडीत तिला टोनी नावाचा मुलगा सापडतो, ज्याचा डेमन त्याच्यापासून कापून वेगळा केलेला आहे आणि जो त्याच्या जागी एक सुका मासा छातीशी धरून बसला आहे. तो मरतो, मोठी माणसे तो मासा काढून टाकतात, आणि संतापलेली लायरा एका सोन्याच्या नाण्यावर त्याच्या डेमनचे नाव कोरून ते नाणे त्याच्या तोंडात ठेवते. तळघरातला पोरखेळ इथे अंत्यसंस्कार होतो. आत्मा म्हणजे काय, तो तुटला तर काय होते, याची दहा पाने व्याख्या आधी दिली असती तर त्या सुक्या माशाने वाचकाचा श्वास अडकला नसता. नवख्या लेखकांनी पहिल्या भागाच्या सुरुवातीला नकाशा, वंशावळ, तीन युगांचा इतिहास आणि शब्दसूची यांची रास घालण्यापूर्वी हे प्रकरण एकदा वाचावे, असे मला कळकळीने वाटते.

१९९५ सालीच ऑस्ट्रेलियन लेखक गार्थ निक्स यांची ‘सॅब्रिएल’ आली. छातीवरच्या पट्ट्यात सात घंटा बाळगून मृतांना पुन्हा मृत्यूत परतवणाऱ्या घराण्यातल्या मुलीची ही कथा आहे. सर्वांत लहान घंटा झोप आणते आणि सर्वांत मोठी, वाजवणाऱ्यासकट, ऐकणाऱ्या सर्वांना मृत्यूत लोटते, हा नियम आधी कळतो आणि पुढे सॅब्रिएलचे वडील ती मोठी घंटा वाजवतात तेव्हा तो आपल्याला मुळापासून हलवतो. हे पुस्तक इतके स्वयंपूर्ण आहे की ते मालिकेतले आहे हे न सांगताही देता येते. याच लेखकाचे पुढचे दोन भाग, २००१ सालचा ‘लिराएल’ आणि २००३ सालचा ‘अबहोर्सन’, म्हणजे मात्र एकाच कथेचे दोन तुकडे आहेत आणि ‘लिराएल’ ऐन मध्यावर थांबते. पण तोवर वाचकाचा लेखकावर विश्वास बसलेला असतो. दुसऱ्या भागाने वाचकाला ताटकळत ठेवले तर मी तक्रार करणार नाही. तो हक्क पहिल्या भागाने कमवावा लागतो.

याउलट ‘एरागॉन’. ख्रिस्तोफर पाओलिनी यांनी ही कादंबरी पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, त्यांच्या कुटुंबाने २००२ साली ती स्वतः छापली आणि २००३ साली मोठ्या प्रकाशनसंस्थेने ती उचलली. ही हकीकत ऐकून आमच्याकडची लिहिती मुले अक्षरशः उजळून निघतात, आणि त्यासाठी मला या पुस्तकाविषयी आदरच आहे. सफिरा ही ड्रॅगन आणि एरागॉन हा शेतकरी मुलगा यांचे नाते जिवंत आहे. तरीही पहिला भाग म्हणून ते पुस्तक मला लटके वाटते. मधली कितीतरी प्रकरणे एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात खर्ची पडतात, नावे आणि प्राचीन भाषेतले शब्द यांची गर्दी होते, आणि शेवटच्या लढाईत नायक जिंकला तरी तो बेशुद्धीत एक अनोळखी आवाज ऐकतो, जो म्हणतो की सारी उत्तरे माझ्याकडे आहेत, माझ्याकडे ये. उत्तरे दुसऱ्या भागात. तो भाग २००५ मध्ये आला. तीन भागांची ठरलेली मालिका मध्येच चार भागांची झाली आणि २०११ मध्ये संपली. ज्याने तेराव्या वर्षी पहिला भाग हाती घेतला त्याला शेवट कळेपर्यंत तो एकवीस वर्षांचा झाला होता. कुमारवय तेवढा काळ थांबून राहत नाही.

अलीकडच्या पुस्तकांत ही ओढ अधिक वाढलेली दिसते. टोमी अडेयेमी यांची ‘चिल्ड्रेन ऑफ ब्लड अँड बोन’ ही २०१८ सालची कादंबरी मला मनापासून आवडते. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा परंपरेतल्या देवतांवर उभारलेले तिचे जग ताजे आहे, आणि आपली जादू हिरावून घेतलेल्या समाजाचा तिच्यातला राग सच्चा आहे. जादू परत आणण्याचा विधी होईल का, हा तिचा प्रश्न, तो सुटतोही. पण अगदी शेवटच्या ओळींत एक नवा धक्का देऊन पुस्तक तोडले आहे. त्याची गरज नव्हती. इतके सारे सोसलेल्या झेली या नायिकेला वाचकाने निरोप द्यायचा ते क्षण त्या धक्क्याने हिरावून घेतले. या मालिकेचा दुसरा भाग २०१९ मध्ये आणि तिसरा २०२४ मध्ये आला.

‘पहिला भाग कोणता’ हा प्रश्नही वाटतो तितका सोपा नाही. सी. एस. लुईस यांच्या नार्निया मालिकेतले पहिले प्रसिद्ध झालेले पुस्तक म्हणजे १९५० सालचे ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’. पण नार्नियाच्या जन्माची कथा सांगणारे ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे १९५५ साली आलेले पुस्तक आजच्या आवृत्त्यांत पहिल्या क्रमांकावर छापलेले असते. खुद्द लुईस यांनी १९५७ साली एका मुलाला लिहिलेल्या पत्रात या कालक्रमाला पसंती दिली होती. तरी मी मुलांच्या हाती १९५० सालचे पुस्तकच आधी देते. लूसी कपाटातून बर्फाच्या जंगलात उतरते आणि तिला तिथे एकटाच पेटलेला रस्त्यावरचा दिवा दिसतो. तो तिथे कसा आला हे आधीच ठाऊक असलेल्या वाचकाला तिच्यासारखे थबकून उभे राहता येत नाही. शिवाय अस्लान या सिंहाचे नाव पहिल्यांदा निघते तेव्हा लेखक म्हणतो की, तो कोण हे त्या मुलांना तुमच्याइतकेच ठाऊक नव्हते. हे वाक्य पहिल्या पुस्तकातच शोभते. सुझन कूपर यांच्या मालिकेचेही असेच आहे: १९६५ सालचे पहिले पुस्तक सुटीतल्या शोधसाहसाचे, बरेचसे लहान मुलांचे आहे आणि मालिकेचा खरा गंभीर सूर १९७३ सालच्या ‘द डार्क इज रायझिंग’ पासून लागतो. तेराच्या पुढच्या मुलांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगते.

आपल्या घरच्या कथांवर आधारलेल्या एका मालिकेचा उल्लेख इथे करायला हवा. रोशनी चोक्शी यांच्या ‘अरू शाह अँड द एन्ड ऑफ टाइम’ या २०१८ सालच्या अमेरिकन पुस्तकात अटलांटातल्या एका संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची, थापा मारण्यात पटाईत असलेली मुलगी वर्गातल्या मुलांच्या आव्हानामुळे एक शापित दिवा पेटवते आणि तिची आई व ती मुले काळात गोठून जातात. अरू ही इंद्राची कन्या आणि अर्जुनाच्या आत्म्याची वारस निघते. मराठी मुलांना इंद्र, धर्मराज, पांडव हे कुणी सांगावे लागत नाहीत, त्यामुळे परदेशी वाचकांसाठी घातलेली स्पष्टीकरणे त्यांना जड जातात आणि काही विनोद भराभरा येऊन विरतात. पण पाच भागांच्या या मालिकेचा पहिला भाग आई पुन्हा जिवंत हालचाल करू लागते तिथवर वाचकाला आणून पोचवतो. मुख्य शत्रू निसटलेला असला तरी अरूने जे बिघडवले ते तिने दुरुस्त केलेले असते. पुढचे भाग आमच्याकडे नाहीत, तरी हे पुस्तक मी निःशंकपणे देऊ शकते.

आता आपणाकडे मागणे आहे ते असे. पुरवणीत मालिकेच्या पहिल्या भागाचा परिचय देताना, तो भाग स्वतःपुरता पुरा होतो की नाही, पुढचे किती भाग आले आहेत आणि मराठीत किती उपलब्ध आहेत, हे परीक्षकांनी कृपया दोन ओळींत लिहावे. रहस्य न फोडता हे सांगता येते. ग्रामीण भागातली वाचनालये मर्यादित अनुदानातून खरेदी करतात आणि त्यांना या दोन ओळींचा उपयोग चार परिच्छेदांच्या स्तुतीपेक्षा अधिक होईल. मराठी प्रकाशकांनाही माझी विनंती आहे की, अनुवादासाठी मालिका निवडताना, पुढचे भाग काढण्याची खात्री नसेल तर निदान ज्यांचा पहिला भाग एकटा उभा राहतो अशाच मालिका घ्याव्यात, आणि पुस्तक मालिकेतले असेल तर मुखपृष्ठावर ‘भाग पहिला’ असे ठळक छापावे. आणि मराठीत मूळ अद्भुत मालिका लिहू पाहणाऱ्या तरुण लेखकांना सांगावेसे वाटते की, सात भागांचा आराखडा जरूर करा, पण पहिला भाग लिहिताना दुसरा कधीच छापला जाणार नाही असे धरून चाला. असे पहिले भाग आमच्या वाचनालयात आले तर मी ते मुलांच्या हाती द्यायला उत्सुक आहे.

कळावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, जि. सांगली